रिझर्व्ह पॅराशूटवर किती भिस्त ठेवावी?

नाशिकच्या एका तरुणाने दुबईला विमानातून टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन, उडी मारली आणि आता एकट्याने उडी मारायला शिकायचं ठरवलं आहे. घरचे विचारतात, "पॅराशूट उघडलं नाही तर?" रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, असतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न तयार असतो, "आणि तोही नाही उघडला तर?" त्याचे स्वतःचेही दोन प्रश्न आहेत. रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र रिगमध्ये, म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या सगळ्या सरंजामात, असतं, मग हँडलं ओढायचा एवढा सराव कशाला? आणि ओळखीतले एक गृहस्थ जुनं रिग स्वस्तात देत आहेत, ते घ्यावं का?

मी अमेरिकेत परवानाधारक रिगर आहे. रिझर्व्ह तपासणं आणि पॅक करणं हे माझं काम, शिवाय विद्यार्थ्यांना शिकवतेही. म्हणून त्यालाच उद्देशून सविस्तर लिहिते.

घरच्यांची भीती रास्त आहे, पण मेन, म्हणजे नेहमी वापरायचं मुख्य पॅराशूट, आणि रिझर्व्ह ही एकसारखी दोन पॅराशूटं आहेत, एक बिघडलं तर दुसरंही त्याच कारणाने बिघडेल, असं त्यामागे गृहीत धरलेलं असतं. तसं नसतं. मेन उडवायला आनंद वाटावा असा बनवतात. कापड जवळजवळ हवाबंद, वळणं चपळ, उघडणं सावकाश. तो दिवसातून सहा-सात वेळा पॅक होतो, कधी उन्हात, कधी पुढचं विमान निघायच्या घाईत, दहा-पंधरा मिनिटांत. रिझर्व्हकडून अपेक्षा एवढीच की तो लवकर उघडावा आणि सरळ उघडावा. त्याच्या कापडातून थोडी हवा जाते, आकार बहुधा 7 कप्प्यांचा असतो, स्वभाव शांत असतो. अमेरिकेत टीएसओ-सी23 या सरकारी मानकाच्या चाचण्यांतून गेल्याशिवाय रिझर्व्ह आणि हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचे पट्टे, वापरताच येत नाही. पॅक उघडल्यापासून साधारण 3 सेकंदांत रिझर्व्ह भरलाच पाहिजे, हा त्या चाचण्यांचा गाभा.

सगळ्यात मोठा फरक पिशवीत आहे. मेन ज्या पिशवीत घडी करून ठेवतात ती मेनच्या माथ्याला बांधलेली असते. रिझर्व्हची पिशवी रिझर्व्हला बांधलेलीच नसते, म्हणून तिला फ्रीबॅग म्हणतात. रिझर्व्हचं हँडल ओढलं की लोखंडी पिन सरकते, झडपा उघडतात आणि स्प्रिंगवर दाबून ठेवलेलं छोटं पायलट च्यूट उसळून बाहेर पडतं. ते हवा धरतं, त्याच्या मागची ब्रायडल नावाची रुंद पट्टी पिशवीला ओढते, दोऱ्या ताणल्या जातात, पिशवीचं तोंड उघडतं आणि रिझर्व्ह बाहेर येतो. पिशवी आणि पायलट च्यूट वाऱ्यावर निघून जातात. आता समजा, पायलट च्यूट उडी मारणाऱ्याच्या पायात अडकलं. ब्रायडल इतकी रुंद ठेवलेली असते की ती एकटीही वारा धरून पिशवी ओढून काढू शकते, आणि पिशवी कशाला बांधलेली नसल्यामुळे रिझर्व्ह तिच्यातून सुटून मोकळा होतो. कुणाचा रिझर्व्ह उघडलेला दिसला की ड्रॉपझोनवरची, म्हणजे उड्या मारायच्या जागेवरची, जाणती माणसं आधी माणूस सुखरूप आहे हे बघतात आणि मग पिशवी कुठल्या शेताकडे चालली आहे त्यावर नजर ठेवतात. ती हरवली तर नवी घेईपर्यंत रिग बंद.

पिशवीचं तोंड बंद ठेवायला मेनमध्ये सुटे रबर बँड असतात. रिझर्व्हमध्ये एकच अखंड लवचिक फास दोन्ही बाजूंना जातो. एका बाजूची दोरी सुटली की दुसरी धरून ठेवायला ताणच उरत नाही. अशा बारीकसारीक गोष्टी मिळून रिझर्व्हचा भरवसा तयार होतो. गेल्या काही दशकांत कुणाचा ना कुणाचा अपघात बघून त्या सुचलेल्या आहेत.

आता माझ्या कामाबद्दल. अमेरिकेत रिझर्व्ह वापरला असो वा नसो, 180 दिवसांत तो परवानाधारक रिगरने पूर्ण उघडून, तपासून पुन्हा पॅक करावा लागतो. 2008 च्या शेवटापर्यंत ही मुदत 120 दिवस होती. कापड, दोऱ्या, शिवण, पिन, पिन ज्यातून जाते तो फास, यंत्राच्या तारखा, सगळं बघायचं. कार्डावर नोंद करायची. पिनेवर लाल दोरा बांधून शिशाचं सील लावायचं आणि त्यावर स्वतःची खूण उमटवायची. हँडल ओढायला 22 पौंड, म्हणजे 10 किलोपेक्षा जास्त जोर लागत नाही ना, हेही काट्यावर मोजायचं. हे शेवटचं मोजमाप मला फार महत्त्वाचं वाटतं. फास जरा आखूड झाला तरी पिनेवरचा दाब वाढतो, आणि बारीक अंगाच्या मुलीला, घाबरलेली असताना, एका हाताने ते हँडल ओढायचं असतं.

मग रिझर्व्ह कधी दगा देतो? बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. त्याच्या वाटेत बिघडलेला मेन असतो, किंवा त्याला उघडायला उंचीच उरलेली नसते.

पहिल्या कारणावर उत्तर म्हणजे कटअवे. बिघडलेला मेन खांद्यावरून सोडून द्यायचा आणि मग मोकळ्या हवेत रिझर्व्ह उघडायचा. हे काम पूर्वी किचकट होतं. दोन्ही खांद्यांवरचे धातूचे खटके वेगवेगळे सोडावे लागत. 1970 च्या दशकाच्या मध्याला बिल बूथ यांनी तीन कड्यांची पद्धत काढली. मोठं कडं हार्नेसवर, मधलं आणि छोटं राइझरवर, म्हणजे खांद्यापासून पॅराशूटच्या दोऱ्यांकडे जाणाऱ्या पट्टीवर. प्रत्येक कडं पुढच्या कड्यातून दुमडून जातं, शेवटच्या छोट्या कड्याला नायलॉनचा इवला फास धरतो आणि त्या फासातून पिवळी लवचिक केबल जाते. अंगावरचा सगळा भार कड्याकड्याला इतका कमी होत जातो की केबलवर नाममात्र ताण राहतो. उजव्या बाजूचं मऊ हँडल ओढलं की दोन्ही खांद्यांच्या केबली एकदम निघतात आणि मेन सुटतो. पन्नास वर्षं होत आली, तरी जगभरच्या बहुतेक स्पोर्ट रिगवर हीच पद्धत आहे. तिला निगा मात्र लागते. महिन्यातून एकदा कडी सोडवून राइझरची पट्टी हाताने मळून मऊ करायची, केबली पुसायच्या. मळलेली केबल ओढायला जड जाते आणि ते कळतं ते नको त्या वेळी.

मग डावं हँडल, रिझर्व्हचं. शरीराची कमान धरायची, उजवं बघायचं, पकडायचं, डावं बघायचं, उजवं ओढायचं, डावं ओढायचं. काही शाळा दोन्ही हात एकाच हँडलवर ठेवायला शिकवतात, काही प्रत्येक हँडलला एक हात. दोन्ही पद्धती चालतात. तुम्हाला जी शिकवतील तीच धरा, इंटरनेटवर दुसरी बघून मध्येच बदलू नका. मेनचं पायलट च्यूट फेकलं पण पिशवी बाहेरच आली नाही, अशा वेळी आधी कटअवे करावा की थेट रिझर्व्ह ओढावा, यावर जुन्या जाणत्यांतही दोन तट आहेत. तिथेही हेच सांगेन. जमिनीवर एक उत्तर ठरवा आणि तेच पाठ करा.

'बघायचं' हा शब्द सहज घालत नाही. हँडल जागेवरून सरकलेलं असू शकतं, किंवा कपड्याखाली गेलेलं असू शकतं. शीतल महाजन यांनी 2018 मध्ये थायलंडमधल्या पट्टायाला नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हापासून आपल्याकडच्या मुली हमखास विचारतात, आम्हीही साडीत मारू का? त्या अतिशय अनुभवी आहेत, उत्तर ध्रुवावर उडी मारून आलेल्या आहेत. शिकाऊ माणसाने कुठलाही सैल कपडा घालू नये. पदर, ओढणी, ढगळ टी-शर्ट, उघडं जाकीट, यांतलं काहीही वाऱ्याने वर येऊन हँडल झाकू शकतं किंवा पायलट च्यूटभोवती गुंडाळलं जाऊ शकतं.

दुसरं कारण उंचीचं, आणि माझ्या मते हा सगळा विषय तिथेच येऊन ठेपतो. पोटावर सपाट पडताना माणसाचा वेग ताशी 190 ते 200 किलोमीटरपर्यंत जातो. 1,000 फूट म्हणजे साडेपाच सेकंद. विद्यार्थ्याला मेन साधारण 5,500 फुटांवर उघडायला लावतात. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचा, म्हणजे यूएसपीएचा विद्यार्थ्यांसाठीचा सल्ला असा की मेन चालण्याजोगा आहे की नाही हा निर्णय 2,500 फुटांपर्यंत झालाच पाहिजे. अनुभवी लोकांसाठी ही रेषा 1,800 फूट आहे. 1,000 फुटांखाली कटअवे करायचा नाही, असेल त्या अवस्थेत रिझर्व्ह बाहेर काढायचा.

लोक हे आकडे परीक्षेत अचूक लिहितात. वर गेल्यावर काय होतं? मेन उघडतो, पण दोऱ्यांना पीळ बसलेला असतो. पीळ सुटण्यासारखा असतो, पाय मारून सोडवताही येतो. तेवढ्यात पॅराशूट गरगरू लागतं, वेग वाढतो, पीळ घट्ट होतो आणि मन म्हणतं, अजून एकदा प्रयत्न करू. डोळे वर दोऱ्यांकडे लागलेले असतात, हातावरच्या उंचीमापकाकडे बघायला सवड नसते. ताशीव, छोटा मेन गरगरू लागला तर काही सेकंदांत 1,000 फूट गिळतो. पुढे अहवालात लिहिलं जातं की रिझर्व्ह पूर्ण उघडायला उंची कमी पडली. त्या रिझर्व्हमध्ये काहीही दोष नसतो. त्याला उशिरा बोलावलेलं असतं. म्हणून माझे विद्यार्थी सरावाच्या हार्नेसमध्ये लटकलेले असताना मी मध्येच उंची विचारते. उत्तर द्यायला जो मनगटाकडे बघत नाही, त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावते.

या उंचीच्या हिशेबात मदत करणारी एक साधी पट्टी असते, आरएसएल. ती मेनच्या राइझरला जोडलेली असते आणि तिचं दुसरं टोक रिझर्व्हच्या पिनेपाशी असतं. कटअवे झाला की निघून जाणारा मेन जाता जाता तीच पिन ओढतो. डावं हँडल ओढायला विसरलात, ते सापडलं नाही, हात बधिर झाला, तरी रिझर्व्ह सुरू होतो. एकाच खांद्याचा राइझर आधी तुटला आणि पट्टीने रिझर्व्ह काढला तर रिझर्व्ह मेनमध्ये घुसेल, हा धोका असतो. तो टाळायला काही रिगमध्ये दुसरा राइझरही सोडवणारी कोलिन्स लॅनयार्ड असते. बूथ यांच्याच स्कायहूकसारख्या नव्या रचना त्याही पुढे जातात. तिथे सुटलेला मेन हाच भलामोठा पायलट च्यूट बनतो आणि रिझर्व्हची पिशवी स्वतः ओढून काढतो, त्यामुळे कितीतरी कमी उंचीत काम होतं. जुन्या पिढीतले काही उडीबहाद्दर आरएसएल काढून ठेवत. तसला सल्ला कुणी दिला तर कानाआड करा. शिकणाऱ्याच्या रिगवर ती पट्टी असलीच पाहिजे.

आता आपोआप उघडणाऱ्या यंत्राबद्दल, म्हणजे एएडीबद्दल. जर्मनीच्या एअरटेक कंपनीचं सायप्रस 1991 मध्ये बाजारात आलं. त्याआधीची यांत्रिक साधनं बेभरवशाची होती, अनुभवी लोक ती लावायला तयार नसत. सायप्रसने ते चित्र पालटलं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग ओळखतं. अनुभवी लोकांच्या मॉडेलमध्ये साधारण 750 फुटांवर वेग सेकंदाला 35 मीटरपेक्षा जास्त असेल तर बारूद पेटून एक छोटं पातं रिझर्व्हचा फास कापतं. ते पिन ओढत नाही, फास कापतं. पुढचं सगळं, स्प्रिंग, पायलट च्यूट, पिशवी, नेहमीसारखंच घडावं लागतं. विद्यार्थ्यांचं मॉडेल कमी वेगालाही, सेकंदाला 13 मीटरला, जागं होतं, आणि टँडमचं 1,900 फुटांवर काम करतं. दुबईला तुमच्या प्रशिक्षकाच्या पाठीवर टँडमच्या सेटिंगचं असंच यंत्र होतं.

त्याच्यावर विसंबायचं नाही याचं कारण हिशेबात दिसतं. 750 फूट म्हणजे सुमारे 225 मीटर. पूर्ण वेगात ते अंतर चार सेकंदांत संपतं आणि त्यातले दोन-तीन सेकंद रिझर्व्ह भरण्यात जातात. शिवाय यंत्राला कळतो तो फक्त वेग. मेन अर्धवट उघडून गरगरतोय आणि खाली येण्याचा वेग सेकंदाला 20 मीटर आहे, तर अनुभवी लोकांच्या मॉडेलच्या हिशेबाने तुम्ही पॅराशूटखाली सुरक्षित आहात. ते गप्प बसेल आणि जमिनीवर 20 मीटरच्या वेगाने आपटणं जिवावर बेतू शकतं. मेनची लोंबती गुंडाळी डोक्यावर अडकलेली असताना त्याने फास कापला, तर रिझर्व्ह त्याच गुंडाळीत जाईल. मेन सोडणं त्याच्या हातात नाही. 500 फुटांवर कटअवे केला आणि रिझर्व्हचं हँडल ओढलं नाही, तर त्याचा वेगाचा आकडा गाठेपर्यंत उरलेली निम्मी उंची गेलेली असते. आणि मेन फार खाली उघडला, तो भरत असतानाच यंत्राने रिझर्व्हही काढला, तर दोन पॅराशूटं डोक्यावर येतात. ती एकमेकांपासून दूर खेचली जाऊन दोन्ही जमिनीकडे तोंड करतात, तेव्हा प्रसंग बाका होतो. एएडी बेशुद्ध माणसासाठी आहे, धडकून खांदा निखळलेल्यासाठी आहे, उंचीचं भान हरपलेल्यासाठी आहे. त्याने असे असंख्य जीव वाचवले आहेत. शुद्धीत असलेल्या माणसाने मात्र ते रिगमध्ये नाहीच असं समजून हँडलं ओढायची.

मेनचा असा बिघाड किती वेळा होतो? ढोबळमानाने 700 ते 1,000 उड्यांमागे एकदा रिझर्व्ह वापरावा लागतो असं धरून चालतात. तेव्हा हा खेळ मनापासून खेळणाऱ्यावर ती वेळ येणारच, असं समजून तयारी करायची. घरच्यांना आकडा हवा असेल तर सांगा: यूएसपीएच्या नोंदीप्रमाणे 2023 मध्ये अमेरिकेत सुमारे 36.5 लाख उड्यांमध्ये 10 जण दगावले. 1970 च्या दशकात उड्या कितीतरी कमी होत्या, तरी वर्षाला सरासरी चाळीसहून जास्त माणसं जात. पण हेही त्यांच्यापासून लपवू नका की आज जे जातात त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर व्यवस्थित उघडलेला, धडधाकट मेन असतो. जमिनीजवळ जोरात वळण घेतात आणि आपटतात. साधनं जितकी सुरक्षित होतील तितका माणूस जास्त धोका पत्करेल, असं बूथ यांनीच म्हणून ठेवलं आहे. माझा अनुभव त्याला दुजोरा देतो.

रिग कुठे ठेवता, कुणाच्या हाती लागतं, हेही याच विषयात येतं. 2015 मध्ये इंग्लंडमधल्या नेदरएव्हनला एका अनुभवी प्रशिक्षक बाईंचा मेन पिळलेला निघाला, त्यांनी तो सोडला, आणि रिझर्व्हही धड भरला नाही. रिझर्व्हच्या दोऱ्या राइझरला जोडणारे चारपैकी दोन कापडी दुवे गायब होते. नांगरलेल्या मऊ शेतात पडल्यामुळे त्या वाचल्या. हे त्यांच्या नवऱ्याने मुद्दाम केलं होतं आणि 2018 मध्ये त्याला जन्मठेप झाली. असलं काही तुमच्या वाट्याला येईल असं मुळीच नाही. पण दोन दुवे एखाद्या रिगरच्या नजरेतून निसटणं शक्य नाही, म्हणून तपास लगेच घातपाताकडे वळला. सील आणि पॅकिंगचं कार्ड यांना अर्थ असतो तो यासाठी. प्रत्येक उडीआधी सील शाबूत आहे का, पिन पूर्ण बसली आहे का, वाकलेली नाही ना, हे स्वतः बघा आणि विमानात चढण्याआधी दुसऱ्याकडूनही बघून घ्या.

शेवटी ते जुनं रिग. आत्ता घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. शिकताना शाळेचं रिग वापरा. आपल्याला कुठल्या मापाचा मेन झेपतो हे कळायला वेळ लागतो, आणि ओळखीतलं स्वस्त रिग बहुधा विकणाऱ्याला झेपणाऱ्या मापाचं असतं. त्यातही लोक मेनचं माप विचारतात, रिझर्व्हचं विचारत नाहीत. तुमचं वजन 80 किलो धरलं तर रिगसकट 92 किलो, म्हणजे जवळपास 203 पौंड. रिझर्व्ह 126 चौरस फुटांचा असेल तर दर चौरस फुटाला 1.6 पौंड भार येतो. नवशिक्यासाठी हा आकडा 1 च्या आसपास असावा. एएडीने रिझर्व्ह काढला असेल तर त्याखाली तुम्ही कदाचित बेशुद्ध असाल, जमीन जवळ आल्यावर ब्रेक ओढणारं कुणी नसेल. त्या उतरणीचा विचार करून रिझर्व्हचं माप ठरवायचं.

पुढे कधी घ्यायची वेळ आली तर पैसे देण्याआधी स्वतः निवडलेल्या रिगरकडून तपासून घ्या, विकणाऱ्याच्या नव्हे. रिझर्व्हच्या लेबलवर कमाल वजन आणि वेग छापलेला असतो. पीडी कंपनीच्या रिझर्व्हवर प्रत्येक पॅकिंगसाठी आणि प्रत्येक वापरासाठी चौकोन असतात, 40 पॅकिंग किंवा 25 वापर झाले की तो तपासणीला कंपनीकडे पाठवावा लागतो. त्यांतले किती चौकोन भरलेत ते मोजा. एएडीची बनावटीची तारीख बघा. पहिल्या सायप्रसचं आयुष्य 12 वर्षांचं होतं, आत्ताच्या सायप्रसचं साडेपंधरा वर्षांचं आहे, दर पाच वर्षांच्या तपासणीसकट. यंत्राची मुदत संपत आलेली असेल तर नव्या यंत्राची किंमत त्या 'स्वस्त' रिगमध्ये मिळवा, मग ते स्वस्त राहतं का बघा. हार्नेस तुमच्या अंगाला बसलं पाहिजे. पायांचे पट्टे पूर्ण आवळूनही ते वर सरकत असेल तर हँडलं ऐनवेळी जागेवर नसतील.

आणि रिग भारतात आणणार असाल तर दोन गोष्टी. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत कपाटातल्या दमटपणाने कापडाला बुरशी लागते आणि धातू गंजतो, तेव्हा ते कोरड्या, हवेशीर खोलीत, उन्हापासून दूर ठेवा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डिकीत रिग विसरू नका, सायप्रससारख्या एएडीला काम करायला 63 अंशांपर्यंतचंच तापमान चालतं. तुमच्या आसपास कोण परवानाधारक रिगर आहे, रिपॅकसाठी रिग कुठे पाठवावं लागेल, हे विकत घेण्याआधी शोधून ठेवा. तारीख उलटलेला रिझर्व्ह पाठीवर घेऊन चांगल्या ड्रॉपझोनवर कुणी विमानात चढू देणार नाही.